नार्व्याची फेरी

चवथीला घुमटं तापली की
मी न्हाणीत बसते, कडी लावून.
कासाळ्यांचा आवाज दातांना लागतो.
"कुंदाला गाणं नाही आवडत,"
वहिनी पाहुण्यांना सांगते.

आवडतं.
नार्व्याच्या फेरीचं इंजिन
धक्का जवळ आला की एक पट्टी उतरतं.
तेवढ्यासाठी मी चारदा
नदी ओलांडून परत येते.
दोरवाला रोयदास आता विचारत नाही
कुणाकडे चाललीस.

आत्ये गेली तेव्हा रडले नाही.
लोकांनी ते लक्षात ठेवलं.

मग मे महिन्यात, फेस्ताला,
सगळा बँड थांबल्यावरही
जुझेचा ट्रंबोन वाजत राहिला,
चुकून, एकटाच,
आणि मी चॅपलच्या खांबाला धरून
नाक वाहीपर्यंत रडले.

वहिनी धावत आली.
"आवाज लागला का गं?"

लागला, म्हटलं.