टोचन नको

रिवणला फणसाखाली एकोणीस पावसाळे
ती उभी होती. शक्तिमान. लष्कराच्या लिलावातली.
मूळच्या हिरव्यावर शेवाळाचा दुसरा हिरवा.
सावर्ड्याच्या भंगारवाल्याने टायरला लाथ मारून
भाव सांगितला, क्रेनचा खर्च वजा करून.
इनास कुलासाने त्यातलं एवढंच ऐकलं: क्रेन.
"टोचन नको," म्हणाला.
"ती आपल्या पायांनी जाईल."

म्हणून टिस्कहून मला बोलावलं. मी पंपवाला.
कापायला नेण्यासाठी दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईक
तीस वर्षांत हे पहिलंच.

पहिला दिवस नुसता उपसण्यात गेला.
एअर फिल्टरमध्ये उंदराचं बिऱ्हाड,
त्यात लॉटरीचं तिकीट, काजूच्या साली, कुणाची तरी वात.
बॅटरीच्या पेटीत कुंभारणीची मातीची घरं.
टाकीतून जे आलं त्याला डिझेल म्हणवेना,
काकवीसारखं, वास जुन्या वार्निशाचा.

इंजिन जाम. इंजेक्टर उतरवून
सहाही भोकांत तेल आणि रॉकेल ओतलं
आणि थांबलो.
थांबणं हेही काम असतं, त्याचे पैसे मागताना
मला अजून लाज वाटते.
इनासला सांगावं लागलं नाही.
बाल्कांवावर खुर्ची टाकून तो तिच्याकडे बघत बसला.
लेहला म्हणे चेंबरखाली जाळ ठेवावा लागायचा.
आधी गाडी उठायची, मग माणसं.
लढाई पाहिलीत का, मी विचारलं.
"बटाटे वाहिले," म्हणाला. "पुष्कळ बटाटे."

चौथ्या दिवशी फ्लायव्हीलला पहार लावली.
तो एका बाजूने, मी एका. त्याचा डावा हात
अर्धांगानंतर नावापुरता, पण लावला.
पिदाद पोयांची पिशवी घेऊन मागे उभी.
आत खोल कुठेतरी कट् झालं.
बोटभर सरकली.
मग आणखी बोटभर, दुखऱ्या दाढेसारखी.

पंप माझ्या बाकावर दोन रात्री होता.
नळ्या बदलल्या, वॉशर तांब्याचे, नवे.
तेवढ्यात पिदादने स्टिअरिंगच्या भेगांना
भिरंडेल चोळून ठेवलं.
मी काही विचारलं नाही. टाचांना लावतात ते.

टाकीचा भरवसा नव्हता. आरशाच्या दांडीला
खोबरेलाचा रिकामा कॅन टांगला, नळी जोडली,
आत दोन लिटर. चालू होते का बघायला पुष्कळ.
एअर काढली: नट सैल, हातपंप,
फेस, फेस, पुन्हा फेस,
मग एकदाची बिनफेसाची धार, मनगटावरून कोपरापर्यंत.

पहिल्या सेल्फला ती कण्हली.
दुसऱ्याला सायलेन्सरमधून सापाची कात आली, अख्खी,
आणि मागोमाग धूर.
तिसऱ्याला एक सिलिंडर बोलला, मग तीन, मग पाच.
सहाव्याने बराच विचार केला
आणि तोही आला.
फणसावरून जे उडायचं ते उडालं.
बाल्कांवावरच्या बश्या वाजू लागल्या.

बास, म्हटलं, आणि स्टॉपची दांडी ओढली.
दांडी, केबलसकट, माझ्या हातात आली.
चावीने डिझेल बंद होत नसतं.
पंपावरची जीभ बोटाने दाबली की झालं असतं,
चार पावलांवर होती.
"आसूं दी," इनास म्हणाला.

तर तशीच चालू राहिली.
त्याने चालता हात बॉनेटवर ठेवला,
मग काढून तो न चालणारा ठेवला.
पिदादने आतून चहा आणला, कपात गोल गोल लाटा.
मुलाचा फोन आला स्विंडनहून, काही ऐकू येईना,
ट्रक गेला का, असं विचारत असावा.
कॅनमधली रेघ खाली जाताना
आम्ही तिघं बघत होतो आणि बघत नव्हतो.

सव्वा तासाने तिने दोनदा ठेच खाल्ली
आणि थांबली.
रातकिडे आधीपासूनच ओरडत होते, ते आता कळलं.

"उद्या डिझेल आण," तो म्हणाला.
सावर्ड्यापर्यंत पाच लिटर खूप झाले, मी म्हणालो,
फार तर सहा.
त्याने कात उचलून दप्तरासारखी दुमडली,
खिशात घातली.
"चाळीस आण."