मापाचा तुकडा

वास आधी गेला.
कटिंग ऑइलचा, तापल्या लोखंडाचा,
मग शालनच्या फोडणीचा.
म्हटलं सर्दी असेल. चार वर्षं सर्दी.

मग सही.
बँकेतली पोरगी म्हणाली, काका, जुळत नाही.
सही तीच, फक्त पुढं पुढं बारीक होत गेलेली,
जॉबवरून निघणारी बर
शेवटी केसासारखी होते, तशी.

उद्यमनगरात एकोणचाळीस वर्षं
ऑइल इंजिनाचे क्रँक या हातांनी लेथवर चढवले, उतरवले.
मालक म्हणायचे, बोट फिरवून सांग, किती जास्त आहे.
मी सांगायचो. मग ते मायक्रोमीटर लावायचे,
आणि मायक्रोमीटर माझंच ऐकायचा.

तोच अंगठा आता तर्जनीवर
न दिसणारी गोळी वळत बसतो.
दिवसभर. पगार नाही, सुट्टी नाही.

राजारामपुरी, तेरावी गल्ली, दुसरा मजला.
लिफ्टच्या दारात पाय चिकटला.
मागं माणसं थांबलेली.
शालन कानात म्हणाली, डावा, उजवा, डावा,
आणि मी कवायतीतल्या पोरासारखा निघालो.

डॉक्टर मृण्मयी बागवडे, वयानं धाकट्या सुनेएवढी.
सात पानं पुढं ठेवली. मराठीतच होती,
पण तालुक्याच्या कचेरीतल्या मराठीत.
मग तिनं पानं उलटी घातली आणि तोंडानं सांगितलं:
निम्मी माणसं इथं येऊन सायकल मारणार, जागेवरची,
आठवड्यातून तीनदा, शर्ट भिजेपर्यंत.
निम्मी घरी अंग ताणणार, हळूहळू.
कोण कुठं, ते कॉम्प्युटर ठरवणार.

मी विचारलं, सायकलनं हे थांबतंय काय?
ठाऊक नाही, काका, ती म्हणाली.
ठाऊक असतं तर तुम्हाला बोलावलं नसतं.

हा रोग लागल्यापासून
एवढं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.
कळंब्याचा तेलवाला नाही,
पुतण्यानं आणलेल्या हिरव्या पावडरीचा डबा तर नाहीच.

सही केली. चौकट केवढी मोठी,
सहीच्या चारी बाजूंनी रान पडीक राहिलं.

आदगोंडा मास्तर, हातकणंगल्याचे,
त्यांना सायकल आली.
मला ताणणं.
रिक्षात मी गप्प.
वाईट वाटलं व्हय?
व्हय, म्हटलं.
एवढं दार ओलांडून गेलो आणि वाट्याला बिनकामाची पाळी.

रात्री दोनला जाग आली. अंग लाकूड.
कूस बदलायला शालनला हाक मारू की नको,
या विचारात पडलो असताना
एकाएकी तो तुकडा आठवला.

मखमलीच्या डबीतला, तेल लावून ठेवलेला,
कुठल्याच इंजिनात कधी न बसलेला.
फिरला नाही, तापला नाही,
चार माणसांत कुणी त्याचं नाव काढलं नाही.
पण दर सोमवारी सगळी गेजं त्याच्यावर लावून बघायची.
तो नसता तर हजार क्रँक
बरोबर उतरले की चुकले, सांगणार कोण?
त्या कपाटाची किल्ली मालक कमरेला लावून फिरायचे.

तर तो मी.
मी झिजतोय मात्र. एवढा एक फरक,
आणि तो थोडाथोडका नाही.

वही दिली आहे, रोजचं लिहायला.
सोमवार: मान, खांदे. वीस मिनिटं.
मंगळवार: पोटऱ्या. डाव्या पायात गोळा आला.
बुधवारी दुपारची गोळी उशिरा घेतली,
मग खुर्चीतून उठवेना,
मग नुसताच कंटाळा.

शालन म्हणाली, लिवा की केलं म्हणून,
कोण बघायला येतंय?

तिकडं मास्तर घामानं निथळत असतील.

डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं
आणि लिहिलं, जमेल तेवढं मोठं:
केलं नाही.