मुकी भाकरी

सासरे सांगायचे, आपल्या खानावळीत घड्याळ नव्हतंच.
मिलचा भोंगा झाला की चपलांचा ढीग दारात,
आणि दुसरा व्हायच्या आत ताटं विसळून पालथी.
एक भोंगा, एक भूक, एकच आमटी.
तिखट लागली तर तांब्या समोर होता.

आता भोंगा माझ्या ओट्यावर
मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला असतो.
सव्वाअकराला वाजतो. पावणेचारला वाजतो.
होटगी रोडवरच्या काचेच्या बिल्डिंगीत
कुणाला कधी भूक लागावी
हे ज्याच्या त्याच्या मीटिंगा ठरवतात.

तेल कमी. भात नको, त्याऐवजी काकडी.
शेंगाचटणी वेगळ्या पुडीत, शेजारच्याला ॲलर्जी आहे.
अनसूयाचा परातीतला हात थांबतो,
"अक्का, शेंगदाण्याची? सोलापुरात?"
"लिहिलंय तसं कर की."

वर्षभरात मला त्यांचा आठवडा पाठ झाला:
सोमवारी सगळे डाएटवर,
बुधवारी निम्मे घरून काम करतात, पीठ कमी मळायचं,
शुक्रवारी एकच ऑर्डर, बारा नावं,
आणि पगार झाला की मटणाशिवाय बोलत नाहीत.
वीस तारखेनंतर पुन्हा पिठलं.

मग एकदा चिठ्ठी आली त्या ऑर्डरीखाली:
कडक भाकरी नको प्लीज.
कॅमेऱ्यासमोरच जेवावं लागतं,
चावताना आवाज होतो,
सर विचारतात काय तुटलं.

हसले आधी. मग राग आला.
तीन पिढ्या आम्ही तव्याच्या कडेला उभ्या
ती कडक व्हावी म्हणून.
महिनाभर टिकते, मुंबईला जाते, दुबईला जाते,
आणि इथं चार किलोमीटरवर
तिला तोंड उघडायची परवानगी नाही?

दुपारी ओटा पुसता पुसता राग विरला.
भाकरी कुस्करली, दह्यात भिजवली,
वरून लसणाची फोडणी, जवसाची चिमूट.
चमच्यानं खाता येते, एका हातानं,
दुसरा हात माऊसवर.
मेन्यूत नाव टाकायचं होतं. श्रीनिवास म्हणाला, कर्ड बाऊल लिही.
मी लिहिलं, मुकी भाकरी.

दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्यानं एकोणीस.
ॲपवाला शेकड्यामागं बावीस घेतो, घेऊ दे,
डबे चुकू नयेत म्हणून मी झाकणांवर नावं लिहायला लागले:
ओंकार, शबाना, बसवराज, प्रणीता.
तिची पुन्हा चिठ्ठी:
काकू, माझी वेलांटी पहिली.
म्हणजे झाकण वाचतात हे लोक!

मार्चात एका शुक्रवारी नावं अकराच आली.
पेन मात्र सवयीनं बारावं लिहून बसलं.
तो डबा संध्याकाळपर्यंत फडताळात होता,
मग अनसूयानं घरी नेला.
विचारायचं कुणाला?
ॲपात रकाना आहे तिखट कमी, मध्यम, जास्त.
माणूस कुठं गेलं, हा रकाना नाही.
डिलिव्हरीचा पोरगा म्हणाला,
"तिथली एक लाइनच बंद केली म्हणे, खुर्च्या बाहेर काढायलेत."

अठरा दिवसांनी, पावणेचारलाच,
एक डबा. पत्ता कन्ना चौकातल्या बोळातला,
दुसरा मजला, बेल चालत नाही, हाक मारा.
आणि खाली:
कडक भाकरी द्या काकू.
आता आवाज झाला तरी चालतं.

अनसूयानं माझ्याकडं बघितलं.
मी सर्वांत पातळ, सर्वांत कडक चार काढल्या,
बिलात दोन लावल्या.
घरच्या ऑर्डरीला नाव लागत नाही,
डबा एकटाच असतो, चुकून कुणाकडं जाणार?
तरी मार्कर घेतला
आणि लिहिलं, प्रणिता.
वेलांटी पहिली.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.
तेल कमी.