प्रेस

नेहरूनगरात प्रेस म्हणजे एकच.
सकाळचा भोंगा, बाबांचा डबा,
संध्याकाळी गेटवरची झडती.
दिवसभर कोट्यवधींच्या नोटा मोजून
खिसे उलटे करून दाखवायचे.
कधी अस्तर तसंच बाहेर लोंबत घरी यायचं,
आई काही न बोलता ते आत ढकलायची.

कोपऱ्यावर निंबाकाकांच्या टपरीवरही तोच शब्द,
लाल रंगात, त्यातला प्र जरा तिरका.
मला वाटायचं, नोटा इथूनच कडक होऊन जातात.
विचारलं तर कोळसा फुंकत काका म्हणाले,
"मग! रात्री येतात ना पोत्यातून."
मी दोन वर्षं ते खरं धरून चालले.

शेजारच्या पिंगळ्यांच्या स्कूटरवर तिसरा प्रेस.
त्यांचं साप्ताहिक केव्हाच बुडालं,
पाटी मात्र उतरली नाही.
बिटकोच्या सिग्नलला हवालदार अजून
दुसरीकडे बघतो.

आता मी गिरणाऱ्याच्या रस्त्याला, वायनरीत.
फेब्रुवारीत क्रेट उतरतात, मधमाश्यांसकट.
फ्रान्सहून आलेल्या मशीनच्या पितळी पट्टीवर
तेच नाव,
मागे एक जास्तीचं अक्षर, मुकं.
वाघेरे साहेब पाइप धुता धुता म्हणाले,
"लॅटिनमधलं आहे. दाबणं. बस, एवढंच.
आधी द्राक्षं दाबली, जैतुनं दाबली.
मग कुणाला तरी सुचलं,
तोच स्क्रू, तीच फळी,
द्राक्षांच्या जागी कागद."

मी हात तसेच ओले ठेवून उभी.
म्हणजे छापखाना द्राक्षातून निघाला,
बातमी छापखान्यातून,
आणि पिंगळ्यांची स्कूटर बातमीतून!
निंबाकाकांचं काय, ते मात्र
पहिल्यापासून अर्थाला धरून होते.

घरी येऊन बाबांना सांगितलं,
"माझं मशीन तुमच्या मशीनचं आजोबा लागतं."
ते पेपर बाजूला न ठेवता म्हणाले,
"गेटवर झडती घेतात का?"
"नाही. तोंडाचा वास घेतात."
खूप दिवसांनी ते
खोकला येईपर्यंत हसले.

रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली,
अजून वीजबिल हातात आलं
की आधी उजेडाकडे धरतात.
लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, माझा पगाराचा कागदसुद्धा.
आत काही दडलेलं असणार,
ही बोटांची सवय.

काल बाटलीतून थोडा रस आणला,
नुकता दाबलेला, न आंबलेला, गढूळ.
स्टीलच्या पेल्यात दिला तर म्हणाले, "काचेचा दे."
मग ट्यूबलाइटखाली
एक डोळा मिटून
पेला हळूहळू फिरवत राहिले.
बाहेर भोंगा झाला. दुसऱ्या पाळीचा.
आई दारात कणकेच्या हातांनी थांबलेली.

"खरा आहे," म्हणाले,
आणि प्यायले.