अखर्चित

सप्टेंबरची तीस, बुधवार.
मध्यरात्री सरकारी वर्ष संपतं.
मोंटानातल्या त्या काउंटीच्या कार्यालयात
पंधरा ऑक्टोबरपर्यंत हीटर लावायचा नाही,
म्हणून व्हर्ना स्टॉकलंड कोट न काढताच बसली आहे
शिल्लक जुळवत.

वृद्धांना सोबत देण्याच्या योजनेत
तीनशे एकेचाळीस डॉलर उरलेत.
उरवले कुणी नाहीत,
नुसते राहून गेले,
ताटात शेवटचा घास राहतो तसे.

नियम तिला तोंडपाठ.
मानधनातून प्रवासात नाही.
प्रवासातून प्रशिक्षणात चालेल, दहा टक्क्यांपर्यंत,
त्यावर गेलं तर आधी लेखी मंजुरी.
पुढच्या वर्षात न्यायचे तर अर्ज,
अर्जात कारण,
कारणाला तीन ओळींची जागा.
आणि माणसांसाठी आलेला पैसा खुर्च्यांवर कधीच नाही.
हे एवढं कलम तिला पटतं.
बाकीची नुसती पाठ आहेत.

दुपारी हार्लन ब्योर्केची बायको येऊन गेली.
गाडी विकायला काढली, तर डॅशबोर्डच्या कप्प्यात
ही वही निघाली, म्हणाली, आणि बसली नाही.

वहीत गुरुवार. नुसते गुरुवार.
लुईज पाब्लोच्या दारापासून डायलिसिसपर्यंत
आणि परत,
बासष्ट मैल.
एका पानावर: बर्फ, सावकाश.
एका पानावर: आज ती बोलली नाही. मीही नाही. बरं वाटलं.
शेवटच्या अकरा गुरुवारांचे पैसे
त्यानं मागितलेच नव्हते.
अकरा गुणिले बासष्ट, मैलाला अर्धा डॉलर.
व्हर्नानं यंत्रावर दोनदा केलं,
मग पेन्सिलीनं, हातचे घेत.

म्हणजे उरलं काहीच नव्हतं.
पैसा केव्हाच रस्त्यावर जळून गेला होता,
फक्त दुसऱ्याच्या खिशातून.

पण दावा साठ दिवसांत करायचा असतो,
आणि हार्लनला जाऊन एकशे चार झाले.
मेलेल्याला मुदतवाढ
कुठल्याच पोटकलमात नाही.

तीन ओळींत ती लिहिते:
रस्ता तेवढाच आहे. बाई जिवंत आहे.
नवा चालक शोधत आहोत.
मग तिसरी ओळ खोडते.
जूनपासून कुणी शोधलेला नाही,
लुईजचा पुतण्या नेतो, जमेल तेव्हा.

बारा वाजायला सात मिनिटं असताना अर्ज जातो,
तिसरी ओळ कोरी ठेवून.

बाहेर गाडीच्या काचेवर दव गोठलंय.
कर्मचाऱ्यांना मैलभत्ता नाही,
हेही तिला पाठ आहे.
किल्ली फिरवून ती काटा बघते.
पाव टाकी.
पंप सहाला उघडतो.