चाळीस शब्द

फॉर्म पिवळा आहे. चाळीस घरं.
आठवड्याला चाळीस शब्द, एकही जास्त नाही,
आणि वाईट बातमी चालत नाही.
तळाशी छापलंच आहे तसं, बारीक अक्षरात,
औषधाच्या बाटलीवर छापतात तसं.

मंगळवारी पहाटे तुझे वडील गेले, लॅकलन.

हेलेन्सबर्गला धुकं होतं.
मी किटली बंद केली आणि त्यांचं कपाट
हाताने अडवून, आवाज न करता लावलं,
ते आयुष्यभर लावत आले तसं.
युद्धातल्या डिझेल बोटीची सवय:
वर विनाशिका घिरट्या घालत असताना
चमचासुद्धा पडू द्यायचा नाही,
सगळ्या बोटीने तोंडात मिठाची गुळणी धरायची.
घरातही ते मोज्यांवर चालायचे.
लग्नानंतरचं पहिलं वर्ष माझं दचकण्यात गेलं.

त्यांचे वडील त्याहून आधीचे.
बॅरोच्या गोदीतली पेट्रोलची बोट,
एक पिंप, आत आठ माणसं,
आणि पिंजऱ्यात तीन पांढरे उंदीर.
वाफ साचली की आधी उंदीर लुळे पडत,
मग माणसांना कळे, वर जायला हवं.
उंदरांचा शिधा नौदलाच्या खात्यावर पडे म्हणे.
सांगताना हसत, तेव्हा खरं किती कोण जाणे.
एवढं खरं, की म्हाताऱ्याने मरेपर्यंत
घरात मांजर येऊ दिलं नाही.

मग तुझे बाबा.
एका बिछान्यात पाळीपाळीने दोघे,
उशी कायम दुसऱ्याच्या डोक्याने उबदार,
पावाला बुरशी, केसांत डिझेल.
खोल जाण्याआधी ते
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी ताणून बांधत.
बोट उतरे तशी सुतळी सैल पडे.
समुद्र लोखंडाला किती आवळतोय,
ते काट्यांआधी त्या झोळाला कळायचं.

आणि तू.
तुझी बोट समुद्र पिऊन हवा करते.
हवा संपत नाही, पाणी संपत नाही,
ताजी अंडी तेवढी संपतात, असं तूच म्हणालास.
कुठे आहेस, मला माहीत नाही.
तुलाही नसेल.

शुक्रवारी पुरलं त्यांना. वारा फार होता.
पेटीची पहिली दोरी थोरल्या मुलाची असते.
ती फिंडलेने धरली. नऊ वर्षांचा आहे,
हातमोजे काढून धरली.
पेटी खाली खाली गेली,
आणि त्याच्या मुठीत दोरी सैल पडली.
तो माझ्याकडे बघत राहिला.

दर आठवड्याला बाबांबद्दल दोन-तीन शब्द असतात.
गाळले तर तुला कळेल.
लिहावेत, तर खोटं लिहायला हात होत नाही.
रात्रभर खोडत बसले. हे जमलं:

फिंडलेचा दात पडला. बाग ओली. गाडीचा क्लच दुरुस्त झाला, महाग पडला. इलसाने तुझा निळा स्वेटर पळवला. चिमणीतलं घरटं काढलं नाही, पिल्लं आहेत. बाबांचा आवाज नाही, नेहमीप्रमाणे. फिंडलेला आता गाठ मारता येते. अंडी ताजी आणून ठेवीन. दार हळू लाव, आल्यावर. इशबेल.

दोनदा मोजले. चाळीस.
मधल्या कारकुनाला शंका आली नाही, तर
गुरुवारपर्यंत मिळतील तुला,
असशील तिथे.