भिंतीची पाठ

स्लायगोच्या धक्क्यामागं, बेकनच्या जुन्या गोदामात
मी तीस वर्षं एकच स्वयंपाकघर बांधलं.
नाटकं बदलली, नायक म्हातारे होऊन बापाच्या भूमिकेत गेले,
स्वयंपाकघर तेच:
डावीकडे अर्धं दार, खाली बंद, वर उघडं,
मागं निळ्या ताटांचं फडताळ,
उजवीकडे चूल, चुलीत पीट.
पीट म्हणजे नारिंगी जिलेटिन, साठचा बल्ब
आणि धग हलती दिसावी म्हणून एक टेबलफॅन.
पहिल्या रांगेतल्या बायका शेकायला हात पुढे करायच्या.
यापरता मान मला कुणी दिला नाही.

दार डावीकडेच का, विचाराल तर
उजव्या विंगेत हातभर अंतरावर विटांची भिंत होती.
दलदलीतून, अमेरिकेहून, तुरुंगातून परतणारे सगळे
डावीकडूनच आले.

मग आधी छप्पर गेलं.
उजेडाला वरून यायचंय, म्हणाले.
मग भिंती. मग फडताळ; ताटं मी घरी आणली.
एका वर्षी रंगमंचावर नुसती माती, अकरा टन, खरी,
तालमीत शिंकून शिंकून नायिकेचं नाक सोललं.
एका वर्षी गुडघाभर पाणी; मी प्रयोगभर
रंगमंचाखाली, बादली घेऊन, गळती शोधत.
एका वर्षी काहीच नाही;
त्या काहीच नाहीला काळ्या रंगाचे तीन थर लागले.
मी कुरकुरलो. कुरकुरणं हाही आमच्याकडे धंदाच आहे.

लासरीना आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती.
म्हणाली, या वेळी नाटक थिएटरात नाही.
गावाबाहेर, नन्सच्या बंद पडलेल्या धुलाईघरात.
'तुम्ही काही बांधायचं नाही, मॅलकी.
कुलपं उघडा, कुजक्या फळ्या तेवढ्या बदला.'

झिजलेली जमीन मी आयुष्यभर रंगवली.
स्पंज, तपकिरी, वर थोडा राखाडी, उंबऱ्याशी जास्त.
तिथं हौदांपुढे फरशीला खळगे पडले होते,
दोन-दोन, पावलांच्या मापाचे, ओळीनं.
ये-जा करून जमीन झिजते, एवढं मला ठाऊक.
एकाच जागी उभं राहून झिजते, हे नाही.

लासरीनानं सहज विचारलं,
'तुमच्या त्या स्वयंपाकघरात खुर्च्या किती असायच्या?'
'तीन,' म्हणालो. 'नेहमी तीन.'
आणि तोंडातले खिळे काढून हातावर धरले.

आमच्या घरी चार होत्या.
अट्रॅक्टाला गाडीतून नेलं त्या संध्याकाळी
आईनं एक माळ्यावर टाकली.
मी नऊ वर्षांचा. कुणी विचारलं तर सांगायचं:
इंग्लंडला गेली, नर्स झाली.
ते घर मी पाठ केलं ते त्यानंतरचं.
तीस वर्षं, रोज रात्री आठ वाजता,
अख्ख्या गावासमोर
मी आईची बाजू उभी करत होतो.

पुढच्या हिवाळ्यात लासरीना म्हणाली,
तेच जुनं स्वयंपाकघर हवं, भिंती-छपरासकट,
पण प्रेक्षकांकडे पाठ करून.
म्हणजे कच्ची फळकुटं, तिरपे टेकू, वाळूच्या पिशव्या,
पेन्सिलीतले हिशेब, १९८३ सालचा कुणाचा तरी फोन नंबर,
जे झाकायचा मी पगार घेतला ते सगळं समोर.
माणसं भिंतीपलीकडे. त्यांचं हसणं पलीकडे.
बशांचा आवाज, जपमाळेची पुटपुट, पलीकडे.
अलीकडे, टेकूंच्या मध्ये, मी एक खुर्ची ठेवली.
आराखड्यात नव्हती.

रंगीत तालमीला लासरीनानं ती पाहिली.
विचारलं काही नाही.
वीतभर पुढे सरकवली.
'तिथं उजेड पोचत नव्हता,' म्हणाली.

मागचा उजवा पाय अजून डुगडुगतो.
प्रयोगाआधी एक स्क्रू मारायचाय.